हाडांची इंजेक्शने संपली, पुढे काय?

‘कोर्स’ हा शब्द आता मराठीच होऊन गेला आहे. पाच दिवसांचा कोर्स, चौदा दिवसांचा कोर्स, क्षयरोगाचा सहा महिन्यांचा कोर्स. कोर्स पुरा झाला की दुखणे गेले आणि औषध बंद, असा सरळ हिशेब लोकांच्या मनात असतो. बऱ्याच दुखण्यांत तो बरोबरही असतो. पण काही दुखण्यांत कोर्स संपतो तेव्हा उपचाराचा फक्त पहिला भाग संपलेला असतो. हाडांच्या ठिसूळपणावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, रोज घ्यायच्या इंजेक्शनांचे नेमके असेच आहे. ही इंजेक्शने संपल्यावर दुसरे औषध सुरू केले नाही, तर कमावलेले हाड हळूहळू निघून जाते. हे दुसरे औषध कोणते, ते कधी सुरू करायचे आणि कसे निवडायचे, हा आजच्या लेखाचा विषय.

हा विषय मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांचा आहे, असे कोणी म्हणेल. पण आता कोल्हापूर, सांगली, मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले इंजेक्शनचे पेन घेऊन आलेले रुग्ण हातकणंगल्यासारख्या गावातही दिसतात. सुरुवात तज्ज्ञ करून देतात. दीड-दोन वर्षांनी ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न घेऊन माणसे आमच्यासारख्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांकडे येतात. काही जण तर येतच नाहीत, आणि त्यांचीच काळजी जास्त वाटते.

एका घरची गोष्ट

आमच्या तालुक्यातल्या एका आजींचे उदाहरण सांगतो. वय अडुसष्ट. बाहेरगावच्या एका दवाखान्यात त्यांचा एक्स-रे निघाला, तेव्हा पाठीच्या कण्यातले दोन मणके दबलेले आढळले. तेथून इंजेक्शन सुरू झाले. घरच्यांनी दोन वर्षे खरोखर निष्ठेने उपचार केले. पेन फ्रिजमध्ये ठेवायचे, नातवाने रोज रात्री पोटावर सुई द्यायची, दर महिन्याला नवे पेन आणायचे. एका म्हशीचे दूध त्या पेनलाच जाते, असे आजोबा म्हणत. आजींची पाठ दुखायची थांबली, त्या पुन्हा चालू-फिरू लागल्या.

दोन वर्षे झाल्यावर शेवटच्या कागदावर एका गोळीचे नाव लिहिले होते. घरच्यांना ती ताकदीची गोळी वाटली. “आता काय बी दुखत न्हाई, मग आनि गोळ्या कशाला हो डाक्टर?” असे आजी मला नंतर म्हणाल्या. गोळी आणलीच नाही. सव्वा वर्षाने गोठ्यात वैरणीची पेंडी उचलताना पाठीत कळ आली आणि त्या तेथेच बसल्या. तिसरा मणका दबला होता. यात निष्काळजीपणा कोणाचा म्हणावा? घरच्यांनी तर कोर्स पुरा केला होता. कोर्स पुरा झाल्यावर खरे काम सुरू होते, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते.

हाड रोज मोडते, रोज बांधले जाते

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत आहे. आपल्या हाडात दोन तऱ्हेच्या पेशी काम करीत असतात. एका तऱ्हेच्या पेशी जुने हाड खरवडून काढतात, दुसऱ्या तऱ्हेच्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात. तरुणपणी काढणे आणि भरणे यांचा मेळ बसलेला असतो. स्त्रियांची पाळी गेली की शरीरातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि खरवडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. भरण्यापेक्षा काढणे जास्त होते. हाड आतून जाळीसारखे विरळ होत जाते. आपल्या देशात स्त्रियांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा तीन-चार वर्षे आधीच. त्यातच लहानपणापासून दूध कमी, बाळंतपणे, आणि अंगाला ऊन लागले तरी ड जीवनसत्त्व अपुरे. त्यामुळे आपल्याकडे हाडे लवकर मोडतात.

पुरुषही यातून सुटलेले नाहीत. सत्तरीपुढचे पुरुष, दमा किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणारे, दारू-तंबाखूचे व्यसन असणारे, यांचीही हाडे ठिसूळ होतात. सांधेदुखीवर कोणा भोंदूकडून आणलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, हेही येथे सांगून ठेवतो.

बांधणारे औषध आणि राखणारे औषध

ऑस्टिओपोरोसिसवरच्या औषधांचे मुख्य दोन गट आहेत. एक गट हाड राखणारा. तो खरवडणाऱ्या पेशींना आवर घालतो. दुसरा गट हाड बांधणारा. या गटातले आपल्याकडे जास्त वापरात असलेले औषध म्हणजे टेरिपॅराटाइड. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार लहान पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांच्या संप्रेरकात ८४ अमिनो आम्लांची साखळी असते. तिच्यातले पहिले ३४ दुवे म्हणजे टेरिपॅराटाइड. गंमत अशी की हे संप्रेरक रक्तात सतत जास्त राहिले तर हाड झिजते. पण रोज एकदा, थोड्या वेळापुरते दिले तर बांधणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात. म्हणूनच ते रोज २० मायक्रोग्रॅम, कातडीखाली टोचून घ्यावे लागते.

या औषधाचा गुण मोठा आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या १,६३७ स्त्रियांवरच्या अभ्यासात नुसती खोटी सुई घेणाऱ्यांपैकी १४ टक्के स्त्रियांचे नवे मणके मोडले. २० मायक्रोग्रॅमचे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. त्यानंतर २००२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे मणके मोडलेल्या स्त्रियांमध्ये त्याची रिसेड्रोनेट या गोळीशी तुलना झाली. दोन वर्षांत गोळी घेणाऱ्यांपैकी १२ टक्के, तर इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ५.४ टक्के स्त्रियांना मणक्याचा नवा अस्थिभंग झाला. म्हणून ज्यांचे मणके किंवा खुबा आधीच मोडला आहे, ज्यांच्या डेक्सा तपासणीत हाडे फारच विरळ दिसतात, अशांना तज्ज्ञ हे इंजेक्शन देतात.

पण ते कायम देत नाहीत. साधारण अठरा ते चोवीस महिने हा त्याचा काळ. उंदरांवरच्या प्रयोगात फार मोठ्या मात्रेने हाडाचा कर्करोग आढळल्यामुळे सुरुवातीला दोन वर्षांची कडक मर्यादा घातली गेली. माणसांत तसा धोका वाढलेला न दिसल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली तो ठळक इशारा काढून टाकला. तरीही दोन वर्षांपर्यंतच देण्याचा प्रघात कायम आहे, कारण तोवर बांधण्याचा जोर ओसरू लागतो. त्यापुढे बांधलेले राखणे महत्त्वाचे ठरते.

मधेच सोडले तर?

टेरिपॅराटाइड टोचल्यावर काही तासांत शरीरातून निघून जाते. त्याचा साठा उरत नाही. सुई बंद झाली की खरवडणाऱ्या पेशींना मोकळे रान मिळते, आणि नवे हाड पहिल्या वर्षातच कमी व्हायला लागते. आपल्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. उन्हाळ्यात शेतात पैसे खर्चून गाळाची माती टाकली, पण बांध घातला नाही, तर पहिल्या वळवातच ती वाहून जाते. इंजेक्शन म्हणजे टाकलेला गाळ. नंतरचे औषध म्हणजे बांध.

याचा पुरावाही आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही स्त्रियांना एक वर्ष पॅराथायरॉइड संप्रेरकाची इंजेक्शने दिली. नंतरच्या वर्षी त्यांतल्या काहींना अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी दिली, काहींना खोटी गोळी. दोन वर्षांअखेर कण्याच्या आतल्या जाळीदार हाडाची घनता पहिल्या गटात ३१ टक्के वाढलेली होती, दुसऱ्यात १४ टक्के. म्हणजे इंजेक्शनाचा खर्च, कष्ट तेवढेच. पण पदरात पडलेले हाड निम्म्याहून कमी.

राखणारी औषधे कोणती?

पहिला गट बिसफॉस्फोनेट औषधांचा. अ‍ॅलेंड्रोनेट ७० मि.ग्रॅ. किंवा रिसेड्रोनेट ३५ मि.ग्रॅ. ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. आयबँड्रोनेट १५० मि.ग्रॅ. महिन्यातून एकदा; पण खुब्याच्या अस्थिभंगाविरुद्ध याचा पुरावा पहिल्या दोघांइतका भक्कम नाही. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मि.ग्रॅ. वर्षातून एकदा सलाइनमधून. ही औषधे हाडात जाऊन बसतात आणि बंद केल्यावरही काही काळ आपले काम करतात. हा त्यांचा मोठा फायदा. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास साडेसात हजारांहून अधिक स्त्रियांवर झाला. तीन वर्षांत मणक्यांचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरे औषध डेनोसुमॅब. ६० मि.ग्रॅ. चे इंजेक्शन, सहा महिन्यांतून एकदा, कातडीखाली. हाडाची घनता वाढवण्यात हे फार प्रभावी आहे आणि मूत्रपिंड कमजोर असले तरी बहुधा देता येते. पण त्याची एक अट आहे. ते वेळेवर घेतलेच पाहिजे, आणि बंद करायचे झाल्यास त्यामागोमाग बिसफॉस्फोनेट सुरू करावेच लागते. त्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरे रॅलॉक्सिफेन. रोज ६० मि.ग्रॅ. ची गोळी. मणक्यांना उपयोगी, खुब्याला संरक्षण देत असल्याचा पुरावा नाही, आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका थोडा वाढवते. पाळी जाऊन थोडीच वर्षे झालेल्या, खुब्याची हाडे बरी असलेल्या निवडक स्त्रियांनाच ती दिली जाते.

निवड घर पाहून करावी

‘यातले सर्वांत चांगले कोणते?’ असे मला विचारतात. माझे उत्तर असे असते की, जे या माणसाला चालते आणि जे या घरात नियमाने घेतले जाईल, तेच चांगले. तीन घरांची उदाहरणे देतो.

पहिले घर. आजी धडधाकट, जेवणखाण बरे, घशाचा किंवा जळजळीचा त्रास नाही, सून शिस्तीची. येथे आठवड्याची गोळी उत्तम आणि स्वस्त. पण ती घेण्याची रीत सांभाळली पाहिजे. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर तर नाहीच. नंतर अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवेही व्हायचे नाही. आयबँड्रोनेट असेल तर एक तास. आपल्याकडच्या आजींची खरी अडचण चहाची आहे. डोळे उघडताच कपबशी लागते. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून द्यावा. एका आजींनी सोमवार धरला आहे. “सोमवारी माझा चहा उशिरा,” असे त्या सगळ्यांना सांगतात. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, ती दुपारी जेवणानंतर घ्यावी.

दुसरे घर. इचलकरंजीत यंत्रमागावर आयुष्य घालवलेल्या, आता एकट्या राहणाऱ्या बाई. गोळी घेतली की नाही हे त्यांचे त्यांनाच आठवत नाही. पाठीला बाक आलेला, अर्धा तास ताठ बसवत नाही, छातीत जळजळ होते. अशांना वर्षातून एकदाचे सलाइन सोयीचे. ते किमान पंधरा मिनिटे सावकाश द्यायचे असते. आधी भरपूर पाणी प्यावे. पहिल्या सलाइननंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. पॅरासिटामॉलने ती जाते. हा ताप ‘सलाइन बाधले’ म्हणून पुढच्या वर्षी नको म्हणण्याचे कारण नाही. मात्र मूत्रपिंडाचे काम मिनिटाला ३५ मि.लि. पेक्षा खाली गेले असेल, तर हे सलाइन देत नाहीत.

तिसरे घर. वीस वर्षांचा मधुमेह, मूत्रपिंड थकलेले. येथे तज्ज्ञ डेनोसुमॅब निवडतात. पण त्याआधी रक्तातले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहून कमी असल्यास भरून काढावे लागते, नाहीतर इंजेक्शननंतर कॅल्शियम एकदम खाली जाऊन हातापायांत वळ येतात. डायालिसिसवर असलेल्यांत हा धोका फार मोठा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या जानेवारीत त्याविषयी ठळक इशारा दिला. म्हणून अशा रुग्णाचा निर्णय मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारूनच व्हावा.

तारखेचे महत्त्व

डेनोसुमॅबचा परिणाम सहा महिन्यांनी झपाट्याने उतरतो. तो उतरताच दाबून धरलेल्या खरवडणाऱ्या पेशी दुप्पट जोराने उसळतात. अशा वेळी एकाच नव्हे, तर दोन-तीन मणके एकदम दबल्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. सातव्या महिन्यापुढे उशीर होऊ देऊ नये. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या हाडांच्या तज्ज्ञांना हीच चिंता लागली होती. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त शिक्षिकांचे इंजेक्शन तेव्हा ‘जरा निवळू दे’ म्हणत म्हणत दहाव्या महिन्यावर गेले. त्यांचे तीन मणके दबले. त्या आजही काठी घेऊन चालतात.

आपल्या भागाला आणखी एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा आणि वारणेच्या महापुराने कितीतरी गावांचे रस्ते बंद झाले. ज्यांच्या इंजेक्शनची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येते, अशा नदीकाठच्या रुग्णांनी पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे. ज्या घरात असे वेळापत्रक पाळणे अवघड आहे आणि मूत्रपिंड चांगले आहे, तेथे बिसफॉस्फोनेटच जास्त बिनधोक, असे माझे मत आहे.

क्रम उलटा करू नये

काही जण विचारतात, ‘आधी स्वस्तातले औषध घेऊ, नाही जमले तर बांधणारे घेऊ.’ डेनोसुमॅबच्या बाबतीत हे महागात पडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टेरिपॅराटाइडनंतर डेनोसुमॅब घेणाऱ्यांची घनता वाढत राहिली. उलट क्रमाने घेणाऱ्यांची काही काळ घटली, खुब्याच्या बाबतीत तर विशेष. बिसफॉस्फोनेट आधी घेतलेल्यांना टेरिपॅराटाइड देता येते, फक्त सुरुवातीला जोर थोडा कमी पडतो. म्हणून अस्थिभंगाचा धोका फार मोठा असेल, तर ‘आधी बांधा, मग राखा’ हाच सध्याचा नियम आहे. रोमोसोझुमॅब हे २०१९ साली अमेरिकेत मान्य झालेले, महिन्यातून एकदा असे वर्षभर घ्यायचे इंजेक्शन आहे. त्यालाही हाच नियम लागू आहे. ते वर्षाने थांबते आणि पुढे राखणारे औषध लागतेच.

जबड्याची आणि मांडीची भीती

‘या गोळ्यांनी जबडा सडतो म्हणे!’ हा प्रश्न हमखास येतो. दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून न भरणे, हा प्रकार खरा आहे. पण ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत तो फार दुर्मीळ आहे. तोंडाने गोळ्या घेणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. कर्करोगाच्या रुग्णांना हीच औषधे कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, तेथे तो जास्त दिसतो. उपाय साधा आहे. औषध सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, काढायचे असतील ते काढून जखम भरू द्यावी. आणि मिश्री बंद करावी. आपल्या भागातल्या बायांच्या हिरड्यांची नासाडी मिश्रीने होते. औषधाला दोष देण्याआधी तिच्याकडे बघावे.

दुसरा दुर्मीळ त्रास मांडीच्या हाडाचा. बरीच वर्षे औषध चालल्यावर क्वचित मांडीचे हाड मधोमध तडकते. त्याआधी बरेच आठवडे मांडीत किंवा जांघेत मंद ठणका असतो. असा ठणका लागल्यास ‘वयाचे दुखणे’ म्हणून तेल चोळत बसू नये, एक्स-रे काढावा.

या भीतीला मोजमाप असावे. ठिसूळ हाड मोडण्याचा धोका या दोन्ही त्रासांपेक्षा कितीतरी पटींनी मोठा आहे. खुबा मोडलेली वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळली की काय होते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरात पाहिलेले आहे.

किती वर्षे घ्यायचे?

बिसफॉस्फोनेटची गोळी साधारण पाच वर्षे, सलाइन तीन वर्षे. मग पुन्हा तपासून ठरवायचे. धोका कमी झाला असेल तर काही काळ सुट्टी देता येते, कारण औषध हाडात शिल्लक असते. पण ज्यांचे मणके आधी मोडले आहेत, त्यांना बहुधा याहून जास्त काळ लागते. ही सुट्टी डेनोसुमॅबला नाही, हे पुन्हा सांगतो. आणि सुट्टी रुग्णाने आपणहून घ्यायची नसते.

शेवटच्या पेनाआधीची कामे

इंजेक्शनचे शेवटचे तीन महिने उरले की ही कामे करून घ्यावीत. रक्तातले क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावे. मुतखडा झाला असेल, अन्ननलिकेचा त्रास असेल, पायात कधी रक्ताची गाठ झाली असेल, तर डॉक्टरांना सांगावे. दात दाखवावेत. जमल्यास डेक्सा पुन्हा करावी, तीही शक्यतो आधीच्याच मशिनवर, म्हणजे तुलना खरी होते. उंची भिंतीला टेकून मोजावी आणि लिहून ठेवावी. उंची दोन सेंटिमीटरने घटली तर मणका दबल्याची शंका घ्यावी, मग दुखो वा न दुखो. आणि पुढच्या औषधाचे नाव व सुरू करण्याची तारीख तज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्यावी. शेवटची सुई आणि पुढचे औषध यांत मोठी फट पडू देऊ नये.

पैशाची अडचण असेल तर मोकळेपणाने बोलावे. इंजेक्शनाच्या मानाने आठवड्याच्या गोळीचा खर्च फार कमी आहे. जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. पेनसाठी दोन वर्षे पैसे घातले आणि गोळीच्या थोड्या पैशांसाठी ते पाण्यात गेले, असे कोणाचेही होऊ नये.

औषधाबरोबर आणखी काय?

कोणतेही औषध रिकाम्या पोटी हाड राखू शकत नाही. दिवसाला साधारण १,००० ते १,२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम पोटात गेले पाहिजे. दारात दोन म्हशी असून सगळे दूध डेअरीला आणि घरी चहापुरते, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र आहे. पेलाभर दूध आणि वाटीभर दही आजींसाठी बाजूला काढावे. नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ, राजगिरा, पालेभाज्या हेही चांगले. डाळी, उसळी, अंडे यांतून प्रथिने मिळतात. तीही हाडाला लागतात. रोज चालावे. पाठीतून वाकून कळशी, भारा, बादली उचलू नये.

आणि पडू नये, यासाठी घर बघावे. न्हाणीघरात शेवाळ, गोठ्यात शेण-मूत, उंबऱ्याजवळ दुमडलेले पोते, रात्री अंधारात बाहेर जाणे, मोतीबिंदू पिकू देणे, झोपेच्या गोळ्या. निम्मे खुबे येथे मोडतात असे म्हटले तरी चालेल. न्हाणीघरात धरायला एक पाइप बसवायला गवंड्याला तासभर पुरतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी सध्या हे पेन चालू आहे, त्यांना एकच विनंती. आज फ्रिज उघडून पाहा, किती महिने राहिले ते मोजा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या महिन्याच्या तीन महिने आधीच्या तारखेला लाल खूण करा. त्या दिवशी आजीला किंवा आजोबांना घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ‘पेन संपल्यावर कोणते औषध, आणि कोणत्या तारखेपासून?’